अ‍ॅप्रेंटिस: कामगार की विद्यार्थी?

ज्यांनी एपिसोड ऐकला त्यांच्यासाठी, आणि ज्यांना कानात काही घालण्यापेक्षा वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठी, आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

२० मार्च २०१८, मंगळवार. सकाळी सातच्या सुमारास मध्य रेल्वेवर माटुंगा आणि दादरच्या मध्ये शेकडो पोरं रुळांवर उतरली आणि तिथेच बसली. लोकल जागच्या जागी थांबल्या. लाठीमार झाला, दगडफेक झाली. गाड्या पुन्हा हलल्या तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. त्या दिवशी मी घाटकोपरला प्लॅटफॉर्मवर उभा होतो आणि खरं सांगायचं तर चिडलो होतो. ही पोरं कोण, त्यांना काय पाहिजे, हे विचारावंसंही वाटलं नाही. ऑफिसला उशीर, एवढंच डोक्यात.

नंतर कळलं की हे रेल्वेचे नोकर नव्हते. पण बाहेरचे म्हणावं तर तसेही नव्हते. रेल्वेच्याच वर्कशॉपमध्ये त्यांनी काम शिकलं होतं, परीक्षा दिली होती, सर्टिफिकेट मिळवलं होतं. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. रेल्वेत अशांना 'अ‍ॅक्ट अ‍ॅप्रेंटिस' म्हणतात, म्हणजे १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस अ‍ॅक्टखाली घेतलेले. रेल्वेने त्या वर्षी खालच्या स्तरातल्या ६२,९०७ जागांची जाहिरात काढली होती आणि त्यात अशा अ‍ॅप्रेंटिसना २० टक्के जागा राखीव होत्या. पोरांचं म्हणणं, २० टक्क्यांची भानगड नको, आम्हाला तुम्हीच शिकवलंय, तर थेट कामावर घ्या. रेल्वेचं म्हणणं, राखीव जागा आहेत, परीक्षा द्या आणि या.

दोघांच्या मधोमध एक प्रश्न लोंबकळत होता. वर्कशॉपमध्ये एक वर्ष हात काळे करणारा पोरगा तिथे कामाला होता की शिकायला होता? आजचा सगळा एपिसोड या एका प्रश्नाचा इतिहास आहे. आणि तुमच्यापैकी जे कुठे अ‍ॅप्रेंटिस म्हणून सही करायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हा नुसता इतिहास नाहीये.

आधी आपल्या भाषेतला शब्द बघा. सरकारी मराठीत अ‍ॅप्रेंटिस म्हणजे 'शिकाऊ उमेदवार'. उमेद हा शब्द फारसीतून आला, अर्थ आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. जुनी माणसं अजून म्हणतात, "अमक्याच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी केली." निवडणुकीला उभा राहणाराही उमेदवारच. फरक इतकाच की त्याची आशा मतमोजणीच्या दिवशी संपते, शिकाऊवाल्याची किती वर्षं चालेल ते सांगता येत नाही.

आता मागे जाऊ. आपल्याकडचा यावरचा पहिला कायदा १८५० चा आहे, कंपनी सरकारच्या काळातला. तो वाचला की अंगावर काटा येतो. दहा ते अठरा वर्षांचं मूल बापाने किंवा पालकाने करार करून एखाद्या मालकाकडे बांधून द्यायचं, जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. कायद्याच्या डोळ्यासमोर मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलं होती, धर्मादायावर वाढणारी. मॅजिस्ट्रेट अशा मुलाचा पालक बनून करार करू शकत होता. भटकताना किंवा किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या मुलालाही असंच बांधून देता येत होतं. म्हणजे सरकारच्या लेखी उमेदवारी हा शिक्षणाचा कमी आणि बंदोबस्ताचा जास्त मामला होता. हा कायदा १९६१ चा कायदा येईपर्यंत पुस्तकात होता. शंभरावर वर्षं!

पण माणसं प्रत्यक्षात काम शिकत होती ती या कायद्याने नाही. गावात सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली शिकत होता. मुंबईत गिरण्या आल्या, तिथेही तीच रीत वेगळ्या रूपात चालू राहिली. कोकणातून, घाटावरून आलेला पोरगा आधी गाववाल्याच्या खोलीत उतरायचा. मग त्या गाववाल्याबरोबर, काका-मामाबरोबर गिरणीत जायचा, त्याच्या मशीनशेजारी उभा राहून बघायचा, हात लावायचा. पगार नाही. जॉबरची मर्जी बसली तर 'बदली'त नाव लागायचं. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर त्या दिवसापुरतं काम. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आजचं व्हीजेटीआय, १८८७ मध्ये सुरू झालं होतं, पण साळखात्यातला विणकर काही तिथून येत नव्हता. तो मामाच्या मागून येत होता.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याचा मामा साळखात्यात नाही, त्याने काय करायचं?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाहीये. गिरणीत विणाईच्या खात्यात पगार चांगला होता आणि दलित कामगारांना तिथे शिरू देत नव्हते. कारण काय, तर धोट्यातलं सूत संपलं की नवी कांडी बसवताना धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. मग विटाळ होईल म्हणून सवर्ण विणकरांचा विरोध. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा विषय संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला होता. म्हणजे नात्यागोत्यातून काम शिकण्याची जी पद्धत आपल्याला आज फार आपुलकीची वाटते, तिचा दरवाजा आतून बंद होता. कौशल्य नव्हतं म्हणून माणूस बाहेर राहिला असं नव्हे. शिकण्याच्या जागेपर्यंतच त्याला पोचू दिलं नव्हतं.

याच आंबेडकरांकडे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं आलं. त्याच वर्षी त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींबद्दल जे निवेदन सरकारला दिलं, त्यात तांत्रिक शिक्षणाचा मुद्दा होता. सरकारी छापखाने आहेत, रेल्वेची वर्कशॉप आहेत, तिथे आमच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या. रेल्वेचं वर्कशॉप! २०१८ ची पोरं ज्या जागेवर हक्क सांगत होती, ती जागा सरकारने शिकवण्यासाठी उघडावी, ही मागणी इतकी जुनी आहे. मला हा धागा सापडला तेव्हा मी स्क्रिप्ट बाजूला ठेवून जरा वेळ बसलो होतो.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि सरकारला एकाएकी हजारो कुशल हात हवे होते. १९४० मध्ये तांत्रिक प्रशिक्षणाची योजना निघाली. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत १९४१ पासून इथल्या तरुण कामगारांच्या तुकड्या इंग्लंडला शिकायला गेल्या. युद्ध संपत आलं तेव्हा उलटा प्रश्न आला. सैन्यातून सुटणाऱ्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतून कमी होणाऱ्या लोकांचं काय करायचं? त्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं एक वेगळं महासंचालनालय काढलं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं जाळं त्यातूनच पसरलं. मग फाळणी झाली, निर्वासित आले, त्यांनाही तिथेच पाठवलं. सगळ्यांसाठी ते दार उघडलं १९४८ मध्ये.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज हा शब्द तुमच्या आई-बाबांना विचारा. आमच्या मामाकडे ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाबरोबर ठेवलेलं होतं. दर तीन वर्षांनी रिन्यू करायचं, विसरलं तर ज्येष्ठता गेली. मामाने ते रिन्यू करायला कधी चुकवलं नाही. कॉल मात्र कधी आला नाही, आणि मामा शेवटी स्वतःचं रिवाइंडिंगचं दुकान टाकून मोकळा झाला. असो.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आली. आज आपण ज्याला आयटीआय म्हणतो त्याचं मूळ हे. सुरुवातीला देशभरात पन्नासच्या आसपास संस्था होत्या. १९५६ मध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे दिला. लवकरच लक्षात आलं की आयटीआयमध्ये पोरगा फाईल मारायला शिकतो, पण कारखान्याचा वेग, तिथली मोठी मशीन, फोरमनच्या शिव्या, हे शाळेत शिकवता येत नाही. त्यासाठी कारखान्यातच शिकायला हवं. मालकांनी आपणहून शिकाऊ घ्यावेत असा प्रयत्न झाला. आपणहून कोण घेतो? मग कायदा आला. अ‍ॅप्रेंटिस अ‍ॅक्ट, १९६१, लागू झाला १ मार्च १९६२ पासून.

आता इथे जरा थांबतो, कारण गंमत इथेच आहे.

हा कायदा मालकाला सांगतो, ठरावीक संख्येने शिकाऊ घ्यायचेच. नाही घेतले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, असा मूळ कायदा होता. पण त्याच कायद्याचं कलम १८ सांगतं की शिकाऊ हा शिकणारा आहे, कामगार नाही. या कायद्यात वेगळं म्हटलं नसेल तर कामगार कायदे त्याला लागू नाहीत. आणि कलम २२ सांगत होतं, शिकून झाल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. त्यानेही ती घेतलीच पाहिजे असं नाही. करारातच तशी अट घातली असेल तर गोष्ट वेगळी.

आणि आता याच कायद्यातली दुसरी कलमं बघा. शिकाऊला फॅक्टरीत सुरक्षा, आरोग्य, सोयी कशा मिळणार? कलम १४ म्हणतं, कारखाना कायद्याची ती प्रकरणं त्याला लागू, जणू तो कामगारच आहे. कामावर अपघात झाला तर? कलम १६, कामगार भरपाई कायद्याप्रमाणे नुकसानभरपाई. म्हणजे मशीनमध्ये बोट गेलं की तो कामगार. महिन्याच्या शेवटी मात्र विद्यार्थी, कारण पगार नाही, विद्यावेतन. पीएफ नाही, ईएसआय नाही. ओव्हरटाइम करायला लावायचा तर अ‍ॅप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरची परवानगी लागते, हे कागदावर आहे. तुमच्यापैकी कितीजणांना ही परवानगी नावाची गोष्ट माहीत होती?

यावर लगेच चिडायच्या आधी त्या वेळच्या सरकारची बाजूही सांगतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. शिकाऊला कामगार मानलं असतं तर २४० दिवस भरले की छाटणीच्या भरपाईपासून बोनसपर्यंत सगळं मागे लागलं असतं. कुठल्याही मालकाने गेटच उघडलं नसतं. मालकाला 'हा तुझ्या गळ्यात पडणार नाही' एवढी खात्री देऊन त्याच्याकडून शिकवून घ्यायचं, असा तो सौदा होता. आणि जे दार आधी फक्त मामा-काकांच्या जोरावर उघडायचं, ते कायद्याने बाकीच्यांसाठीही उघडलं. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या, आणि पदवीधर व डिप्लोमावाले इंजिनियरही कायद्यात आले. ओबीसींसाठी तरतूद यायला २००७ उजाडलं. आणीबाणीतल्या वीस कलमी कार्यक्रमात तर अ‍ॅप्रेंटिसशिप हे एक कलमच होतं, दुर्बल घटकांना रोजगार आणि प्रशिक्षण मिळावं म्हणून. सौदा वाईट नव्हता. त्याची किंमत मात्र एकाच बाजूने मोजली.

कारण शिकून बाहेर पडलेल्यांची रांग वाढत गेली. त्यांना दोन्हीकडून नकार. कंपनी म्हणणार, कलम २२ वाच. बाहेर म्हणणार, अनुभव कुठाय? अरे, एक वर्ष कारखान्यात होतो ना! नाही, ते ट्रेनिंग होतं.

ही तक्रार शेवटी सुप्रीम कोर्टात पोचली. प्रकरण उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाचं होतं, आणि समोर तिथल्या शिकाऊंचा बेरोजगार संघ. १९९५ मध्ये निकाल लागला. कोर्टाने नोकरीचा हक्क दिला नाही. पण चार गोष्टी सांगितल्या. बाकी सगळं सारखं असेल तर बाहेरून येणाऱ्यापेक्षा शिकलेल्या अ‍ॅप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. त्याचं नाव एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून यायलाच हवं असं नाही. वयाची अट आडवी आली तर सूट द्यावी. आणि शिकवणाऱ्या संस्थेने शिकलेल्यांची वर्षवार यादी ठेवावी. हा निकाल पुढे देशभरातल्या शिकाऊंनी हातात धरून ठेवला. रेल्वेच्या पोरांच्या रागामागेही हीच भावना आहे. आम्ही बाहेरचे नाही, आम्हाला बाहेरच्यांच्या रांगेत का उभं करता? 'बाकी सगळं सारखं असेल तर' हे शब्द फार निसरडे आहेत हो. लाखो लोक परीक्षेला बसतात तेव्हा बाकी सगळं सारखं कधी असतं?

पुढचं थोडक्यात सांगतो. २०१४ च्या डिसेंबरात कायदा बदलला. मालकाची कैद गेली, दंड आला. सरकारचं म्हणणं, तुरुंगाच्या भीतीने कंपन्या शिकाऊ घेतच नाहीत. कलम २२ ही बदललं, ते आपल्या कामाचं आहे, शेवटी येतो त्याच्यावर. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना आली. विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देणार. २०१९ मध्ये नियम आले की ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यायचे, आणि किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये. मुंबई-पुण्यात ९,००० मध्ये खोली, मेस आणि लोकलचा पास बसवून दाखवा, मी पुढच्या एपिसोडला तुम्हाला गेस्ट म्हणून बोलावतो.

आणि आता आपल्या राज्याचं अगदी ताजं उदाहरण. जुलै २०२४, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. लोकांनी तिला लगेच 'लाडका भाऊ' नाव दिलं. बारावीवाल्यांना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधरांना १०,०००, सहा महिने, सरकारी कार्यालयांत किंवा खासगी आस्थापनांत. ही काही १९६१ च्या कायद्याखालची अ‍ॅप्रेंटिसशिप नाही, वेगळी योजना आहे. पण कहाणी तीच. पोरं तहसीलमध्ये, शाळांत, पंचायत समितीत बसली, रोजचं काम करू लागली. सहा महिने संपत आले तसं "आता पुढे काय?" सुरू झालं. आंदोलनं झाली, मुदत अकरा महिन्यांवर गेली, पुन्हा आंदोलनं, आम्हाला कायम करा. सरकारचं उत्तरही ओळखीचं, तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात.

ज्या कार्यालयात आधीच जागा रिकाम्या आहेत तिथे प्रशिक्षणार्थी बसवला, तर तो शिकतोय की रिकामी खुर्ची भरतोय? माझं मत विचाराल तर शिकवणारा माणूसच नसेल तिथे त्याला प्रशिक्षण म्हणू नये. कायद्यात अ‍ॅप्रेंटिसशिपसाठी अभ्यासक्रम आहे, ट्रेड आहे, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट आहे. ते सगळं खरोखर होत असेल तर कमी पैशात वर्ष काढायला अर्थ आहे. होत नसेल तर तुम्ही स्वस्तातले कामगार आहात, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

बरं, आता कलम २२. आज ते म्हणतं की आपल्याकडे शिकून पूर्ण झालेल्या अ‍ॅप्रेंटिसना भरतीत कसं घ्यायचं, याचं धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचं. 'ठरवायचं' असा शब्द आहे, 'वाटल्यास ठरवावं' असा नाही. धोरण काय असावं ते कायदा सांगत नाही, त्यामुळे 'आम्ही कोणालाही घेत नाही' हेही धोरण होऊ शकतं. पण मग ते निदान आधी कळेल.

तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. करार सरकारकडे नोंदवला जाणार आहे का, कारण नोंद नाही तर सर्टिफिकेट नाही. करारात नोकरीची अट आहे का, कारण असली तर ती मालकावर बंधनकारक आहे. आणि एचआरला सरळ विचारा, "सर, कलम २२ खालचं तुमचं धोरण काय आहे? लेखी मिळेल का?" गेल्या महिन्यात आपल्या एका श्रोत्याने असं विचारलं, तर समोरच्याने आधी त्यालाच विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

तुम्हाला काय उत्तर मिळतं ते व्हॉइस नोटवर पाठवा. कंपनीचं नाव नको, नुसतं उत्तर. पुढच्या भागात सगळी ऐकवतो.